नवतप्यातले आठ दिवस

परवा नवतपा लागला. मे महिन्याच्या शेवटाकडचे हे नऊ दिवस. आमच्या वर्ध्याकडे म्हणतात, हे दिवस जितके तापतील तितका पाऊस धड येईल. म्हणून या उन्हाला कोणी नावं ठेवत नाही, नुसता डोक्याचा दुपट्टा घट्ट बांधतात. सकाळी दहालाच सडक पाणी सांडल्यासारखी चमकायला लागते. कूलरमध्ये पाणी भरलं की ओल्या वाळ्याचा वास घरभर होतो. लू लागू नये म्हणून आई अजूनही माझ्या पर्समध्ये एक कांदा टाकते. इंजिनियरिंगची चार वर्षं आणि सॉफ्टवेअर कंपनीतली सहा वर्षं पदरी असूनही मी तो कांदा कधी काढून ठेवलेला नाही.

पटवारी म्हणून हा माझा तिसरा उन्हाळा. बाकी महाराष्ट्र तलाठी म्हणतो, सरकारी कागदावर आता आणखी वेगळं नाव आहे. पण आमच्याकडे शेताची दफ्तरं सांभाळणारा तो पटवारी, आणि बाई असली तरी पटवारीच. आंजीच्या बाजूची तीन लहान गावं माझ्याकडे आहेत. नवतपा आला की मला माझा पहिला उन्हाळा आठवतो. सगळा नाही. त्यातले आठ दिवस.

पुण्यातली नोकरी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नोकरी सोडलेले लोक नंतर कंपनीला फार बोल लावतात. माझी तशी तक्रार नाही. पगार चांगला होता, माणसं चांगली होती, कॅन्टीनमधला चहा तेवढा पाणचट होता. मी एका परदेशी विमा कंपनीचे अर्ज भरण्याची पानं तयार करायचे. ती पानं कोण भरतं, त्याचं पुढं काय होतं, हे मला सहा वर्षांत कधी दिसलं नाही. त्याचं काही वाटायचंही नाही. मग घरून काम करायचे दिवस आले आणि मी वर्ध्याला मागच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसले.

त्या दिवसांत एकदा आईबरोबर तिच्या माहेरच्या शेताच्या वारस नोंदीसाठी पटवाऱ्याकडे गेले होते. एका खोलीत पंधरा-वीस माणसं. आमच्या पुढं एक म्हातारे गृहस्थ होते. मोठ्या भावाबरोबरची वाटणी होऊन त्यांच्या नावाचा सातबारा पहिल्यांदाच निघाला होता. पटवाऱ्यानं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "वाचून दाखवा जी." पटवाऱ्यानं वाचलं: नाव, बापाचं नाव, आडनाव, क्षेत्र. म्हातारे म्हणाले, "नाव पुन्हा एकडाव वाचा." त्या माणसानं, मागं इतकी गर्दी असताना, पुन्हा वाचलं. सावकाश वाचलं.

घरी येताना आई आंब्याच्या भावाबद्दल बोलत होती. आपल्याला ती खुर्ची हवी आहे, एवढंच मला कळलं होतं. देशसेवा वगैरे शब्द मनात आले नव्हते. आपण लिहिलेलं नाव वाचून दाखवताना समोरच्याचा चेहरा दिसतो, असं काम मला पाहिजे होतं.

दीड वर्ष अभ्यास केला, परीक्षा दिली, यादीत नाव आलं. कंपनीत व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "म्हणजे कलेक्टर?" माझ्या वरिष्ठांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, तलाठी. मग बराच वेळ कोणाचाच माइक सुरू नव्हता.

बाबांचं मात्र तसं नव्हतं. ते सारं बोलून मोकळे झाले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचं लोकांचे अर्ज लिहून देण्याचं काम गावोगाव चालायचं, त्यामुळे सरकारी कचेऱ्या त्यांना आतून माहीत. ते म्हणाले, "बेटा, त्या खुर्चीवर चांगली माणसं बिघडताना मी पाहिली. पैशानं सगळी नाही बिघडत. ओळखीनं बिघडतात." आणि नंतर चार महिने माझ्याशी जेवणापुरतं बोलले.

गावातली माझी कचेरी म्हणजे ग्रामपंचायतीची मागची खोली. एक टेबल, लोखंडी कपाट, कपड्यात बांधलेले जुने गाव-नकाशे. सोबतीला कोतवाल रामभाऊ. कोतवाल म्हणजे गावातला पटवाऱ्याचा हात, पाय आणि कान. रामभाऊंनी माझ्याआधी सात पटवारी पाहिले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पारखून घेतलं: "मॅडम, गाडीवर येता का बसनं? गाडीवर येत जा. बसवाला पटवारी चार वाजताच निघून जाते."

त्या मे महिन्यात कमलाबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, काटक, नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. ऊन अंगावर घेत चालत आल्या होत्या. त्यांनी घडी घातलेला अर्ज टेबलावर ठेवला. खाली अकरा अंगठे-सह्या होत्या.

"बाई, आमच्या वावरात जाले रस्ताच नाई."

"आधी होता का?"

"होता तं! माह्या लग्नाची बंडी तठूनच आलती. पांदण होती चांगली, दोन बंड्या बाजूबाजूनं जात."

"मग बंद कोणी केली?"

त्यांनी एकदा रामभाऊंकडं पाहिलं. "थे तुम्ही येऊन पाहा ना. म्या नाव घेतलं तं उद्या मलेच त्याच्या धुऱ्यावरून जा लागते."

नकाशा उघडला. पिवळ्या पडलेल्या कापडावर दोन तुटक रेषा गावापासून नाल्यापर्यंत स्पष्ट गेलेल्या होत्या. पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारा बैलबंडीचा सार्वजनिक रस्ता. रामभाऊ म्हणाले, "उन्हाळ्यात लोक कोणाच्याबी वावरातून जाते मॅडम, वावर खाली असते. पण एकडाव पेरणी झाली का मंग झालं. खत डोक्यावर न्या, कापूस डोक्यावर आणा."

नवतप्याच्या पहिल्या दिवशी आम्ही जागेवर गेलो. जमीन इतकी भेगाळली होती की चप्पल सांभाळून टाकावी लागत होती. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग लावलेले, वखरलेल्या मातीची ढेकळं उन्हात पांढरी पडलेली. नकाशावरच्या तुटक रेषा जिथं नाल्याकडं वळतात, बरोबर तिथं तारेचं कुंपण होतं. कुंपणाच्या आत, पांदणीच्या मधोमध, लिंबाच्या झाडांची एक रांग. हिरवीगार झाडं. त्या रखरखाटात डोळ्यांना बरं वाटलं.

झाडांखालून एक माणूस उठून आला आणि मी जागच्या जागी थांबले. ते गोविंदकाका होते.

गोविंदकाका आणि बाबांनी वीस वर्षं एका शाळेत शिकवलं होतं. दर दसऱ्याला सोनं द्यायला ते आमच्या घरी पहिले यायचे. त्यांचं शेत इकडं आहे, हे मला माहीत होतं. नेमकं कुठं, ते कधी विचारलं नव्हतं. "अरे, तू! ये, सावलीत ये," म्हणत त्यांनी मला माठातलं पाणी दिलं. मी हातातला नकाशा दाखवला. त्यांनी तो पाहिलाही नाही.

"पांदण होती, मी नाही कुठं म्हणतो? पण कोणी वापरत नव्हतं, बाभळी माजल्या होत्या. मी साफ केलं, झाडं लावली. ही झाडं मी बादलीनं जगवली, बेटा. गुडघे गेले माझे."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे गुडघे खरंच गेले होते. रामभाऊ आणि मी टेप धरून मोजलं, पंचनामा केला, चार लोकांच्या सह्या घेतल्या. काका कुंपणाशी उभे होते. सही करा म्हटलं तर म्हणाले, "मी मास्तरशी बोलतो."

संध्याकाळी घरी अहवाल लिहून काढला. दीड पान. काय दिसलं, नकाशात काय आहे, रस्ता अडवला आहे. सकाळी तहसीलला द्यायचा होता. जेवताना बाबा म्हणाले, "गोविंद आला होता."

मी पुढचा घास मोडला.

"झाडांवर लिंबं आहेत. तो म्हणतो, एवढी उतरून घेऊ दे. आठ दिवस. तुला खोटं लिही म्हणत नाही. उशिरा दे, इतकंच."

कित्येक महिन्यांनी बाबा माझ्याशी माझ्या कामाबद्दल बोलत होते. मला काय वाटलं, ते आज दोन वर्षांनी लिहितानाही अवघड जातं. मला बरं वाटलं होतं. बाबांनी माझ्याकडं काहीतरी मागितलं होतं, म्हणजे मी त्या खुर्चीवर आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. मी म्हटलं, "आठच दिवस."

मग तो कागद माझ्या बॅगेत राहिला. रोज तो घेऊन गावात जायचे आणि रोज घेऊन परत यायचे. ऊन वाढत गेलं. दुपारी गावात कुत्रंही हलायचं नाही. कचेरीचा पंखा गरम हवा फिरवत राहायचा. दाखले, नोंदी, सातबारे, सगळी कामं मी त्या आठवड्यात फार मन लावून केली. चौथ्या दिवशी रामभाऊंनी विचारलं, "मॅडम, थ्या पांदणीच्या कागदाचं का झालं?"

"नकाशा अजून नीट पाहून राह्यली," मी म्हटलं.

रामभाऊ "हाव" म्हणाले आणि माठ भरायला गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

नवव्या दिवशी अहवाल दिला. तहसीलदार साहेबांनी वाचला आणि तारीख पाहिली. "पाहणी केव्हाची आहे ही? गेल्या आठवड्यात शेजारच्या दोन गावच्या पांदणी उघडल्या आपण. लोकांना समोरासमोर बसवलं, समजावलं, जेसीबी तिथंच होता. त्याच फेरीत ही पण झाली असती." ते रागावले नाहीत. त्यांनी फाइलला दोरी बांधली. "आता वरून नोटीस, सुनावणी. आभाळ पाहा बाहेर. दिवाळीनंतर बघू."

गोविंदकाका त्या फेरीत ऐकले असते का? कदाचित नसते. हा "कदाचित" मी पुष्कळ दिवस वापरला.

ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, कमलाबाईंचे यजमान नत्थूजी खताची पोती घेऊन वावरात निघाले. पांदण बंद, म्हणून नाल्याच्या पात्रातून बंडी घातली. चिखलात बैल घसरला, बंडी कलंडली आणि चाक त्यांच्या पायावर आलं. चार जणांनी त्यांना बाजेवर घातलं आणि मांडीभर चिखलातून, लोकांच्या उभ्या पऱ्हाटीतून, सडकेपर्यंत आणलं. पांदणीनं दहा मिनिटं लागली असती. त्या दिवशी दीड तास लागला. तिथून सेवाग्रामच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी पाय वाचवला. पण तो बोटभर आखूड राहिला.

हे मला रामभाऊंनी कचेरीच्या दारात उभं राहून सांगितलं, छत्री मिटता मिटता. सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही.

मी दवाखान्यात गेले. कमलाबाई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तुम्ही काऊन आल्या बाई, इतक्या पान्यात," म्हणत त्यांनी मला बसायला जागा दिली. सोबत आणलेले पोहे पुढं केले. मी खाल्ले. सांगायचं ठरवून गेले होते आणि पोहे खाऊन परत आले.

बाबांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ते ओसरीवर पेपर वाचत होते. ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला.

"अहवाल आठ दिवसांनी दिला होतास?"

"हो."

"मी सांगितलं म्हणून."

"तुम्ही सांगितलं. ठेवून घेतला मी."

बाबांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. मग उठले, चपला घातल्या आणि गोविंदकाकांकडं गेले. तिथं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या दसऱ्याला काका आमच्याकडं आले नाहीत. आईनं दुपारपर्यंत त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर सुनावणी झाली. काकांनी वकील लावला. रस्ता कधी नव्हताच, असं लिहून दिलं. स्वतःच्या हातानं माठातलं पाणी देताना ते मला जे बोलले होते, त्याच्या नेमकं उलट. मला राग यायला हवा होता. आला नाही. आदेश रस्ता उघडण्याचा झाला. थंडी सरता सरता, हरभरा निघाल्यावर, जेसीबी आला.

त्या दिवशी गावातले बरेच लोक जमले होते. कोणी हसत नव्हतं, कोणी घोषणा देत नव्हतं. झाड उपटताना बघायला कोणालाच आवडत नाही. तार निघाली आणि पहिलं लिंबाचं झाड मुळासकट वर आलं तेव्हा मला मागं बाबा दिसले. ते बसनं आले होते, मला न सांगता. मला वाटलं, ते माझ्याकडं येतील. ते आले नाहीत. लोकांमधून वाट काढत ते पलीकडं गेले आणि गोविंदकाकांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. काकांनी मान वळवली नाही. शेवटचं झाड निघेपर्यंत दोघं तसेच उभे होते. मग बाबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी तो झटकला नाही, इतकंच.

घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "तू तुझ्या जागी उभी होतीस ते ठीक. त्याच्या बाजूला कोणीतरी पाहिजे होतं."

त्या पहिल्या उन्हाळ्यानंतर दोन पावसाळे होऊन गेले. मी आता कामाला सरावले आहे. कोणाचा अर्ज कोणत्या रागातून आला हे बरंचसं ओळखता येतं. पुण्याच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, समाधान वाटतं का? मी हो म्हणते. ते खोटं नाही. पण खरं उत्तर असं की इथं चूकही चेहऱ्यासकट येते. विमा कंपनीच्या पानावर मी चुकले तर एक तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडायची, चूक दुरुस्त करायची, तिकीट बंद करायचं. नत्थूजी दर महिन्याला काठी टेकत ग्रामपंचायतीसमोरून जातात आणि मला "नमस्कार मॅडम" म्हणतात.

काल दुपारी मी त्यांच्या वावरात गेले. पांदणीनंच गेले, गाडी थेट नाल्यापर्यंत गेली. दोघं नवराबायको मोहाच्या सावलीत बसले होते. वखरणी आटोपली होती, पेरणीला अवकाश होता. कमलाबाईंनी पोतं अंथरलं. मी बसले आणि या वेळी आधी बोलून टाकलं. अहवाल कधी लिहिला, कधी दिला, मधे आठ दिवस तो कुठं होता, का होता. बाबांचं नाव घेतलं नाही. माझंच घेतलं.

नत्थूजी काठीनं मातीत रेघ ओढत होते.

"आमाले माईत आहे थे," कमलाबाई म्हणाल्या. "रामभाऊनं तवाच सांगतलं होतं. गावात का लपते बाई?"

मी विचारलं, "मग बोलल्या का नाही कधी?"

"आमी काऊन बोलाव? बोलाचं तं तुमाले होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मऊही नव्हता. "दवाखान्यात आल्या तवा मले वाटलं, आता सांगन. पोहे खाऊन निघून गेल्या. मी ह्यायले म्हटलं, हे पोरगी काई सांगत नाई."

"दोन वर्स लागले," नत्थूजी म्हणाले. त्यांचा हा पहिलाच शब्द. "लागले, पण सांगतलं."

मी माफी मागितली. माफ केलं असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. आणि त्यांनी म्हणावं, असं मलाही त्या वेळी वाटलं नाही. कमलाबाई उठल्या, पदर खोचला आणि नाल्याकडं बोट केलं.

"पांदण झाली, पण अठी नाल्यावर पाइपचा पूल नाई. पानी आलं का दोन दिस कोणी पल्ल्याड जात नाई. याचा कागद कोनाकडे देऊ? तुमच्याकडं देऊ का नको?"

"माझ्याकडं द्या."

"देतो. पण आजच लिवा."

मी बॅगेतून कागद आणि टेप काढली. नाल्याची रुंदी घ्यायची होती आणि रामभाऊ सोबत नव्हते. दुसरं टोक धरायला कमलाबाई पुढं झाल्या, पण त्यांच्या आधीच नत्थूजी काठीवर भार देत उठले, सावकाश कोरड्या पात्रात उतरले, टेपचं टोक घेऊन पलीकडच्या काठावर चढले आणि तिथून ओरडले, "हं, ताना मॅडम. सांगा किती भरते ते."